मनाची ताटी कोण उघडणार?

आमच्या शनिशिंगणापूरची ओळख कुणालाही विचारा, उत्तर एकच येईल. बिनदारांच्या घरांचं गाव! घराला चौकट असते, पण दार नाही, कडी नाही, कुलूप नाही, ही इथली जुनी रीत. शनिदेव राखण करतो ही श्रद्धा. २०११ मध्ये गावात युको बँकेची शाखा उघडली, तेव्हा 'बिनकुलपाची बँक' म्हणून तिच्या बातम्या देशभर झाल्या. अजूनही बाहेरगावचे पाहुणे त्या चौकटींसमोर उभे राहून हौसेनं फोटो काढतात.

पण मैत्रिणींनो, घराला दार नसलं म्हणून मनालाही नसतं, असं थोडंच आहे? बचत गटांच्या कामानिमित्त सोनई, घोडेगाव, वडाळा, राहुरी असं माझं फिरणं असतं. मनाचं दार आतून घट्ट लावून बसलेल्या कितीतरी बायका भेटतात. नवऱ्यानं टाकलेल्या, मूल नाही म्हणून सासरनं दूर सारलेल्या, म्हातारपणी लेकांना नकोशा झालेल्या. त्यांच्याविषयी अशा पानांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, लिहिलं जायलाच हवं. आज मात्र मला एका वेगळ्या दुखण्याविषयी बोलायचंय. ज्यांनी देवाच्या कामाला सगळं आयुष्य दिलं आणि ज्यांना देवाच्याच माणसांनी झिडकारलं, त्यांच्याविषयी.

शेजारघरातलं दुःख

मी ख्रिस्ती नाही. पण नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) वाढलेल्या माणसाला चर्चची घंटा परकी नसते. अमेरिकन मराठी मिशननं इथे १८३१ मध्ये काम सुरू केलं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरमधूनच निघालं. सिंथिया फरार नावाची एक अविवाहित अमेरिकन बाई इथे मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि १८६२ मध्ये इथल्याच मातीत विसावली. तिची शाळा पाहून जोतिराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. आमच्या शिंगणापूरपासून हाकेच्या अंतरावर म्हणावं अशा वडाळ्याला मिशनचं जुनं ठाणं. सप्टेंबर आला की हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला नुसते ख्रिस्तीच नाही, सगळ्या जातिधर्मांचे लोक जातात. म्हणजे हे दुःख परक्याचं नाही, शेजारघरातलंच आहे.

गावच्या चर्चचे पाळकसाहेब आणि त्यांच्या घरातली बाई, यांचं जगणं आपण लांबून बघतो. स्वच्छ कपडे, हसरा चेहरा, हातात पवित्र शास्त्र. पण त्या घराला खासगी असं काही नसतं. रात्री अकराला कुणी दार वाजवलं तरी उठायचं. कुणाच्या घरी मयत, कुणाचं बाळंतपण, कुणाचा नवरा पिऊन मारतोय. पाळकांना निदान पगार असतो, पद असतं. त्यांच्या बायकोला दोन्ही नाही, काम मात्र दुप्पट. महिला मंडळ तिनं चालवायचं, रविवारची मुलांची शाळा तिनं घ्यायची, नाताळच्या फराळाला तिनंच पुढं व्हायचं. आणि चुकलं तर? तर सगळ्या गावाला बोलायला मोकळीक.

एका बाईंची गोष्ट

आमच्या भागातल्या अशाच एका बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते. नाव, गाव आणि ओळख पटेल असं सगळं गाळलंय. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, मीही तेच म्हणते. त्या मला वहिनी म्हणतात.

एका मंडळीत त्या नवऱ्याबरोबर दहा-बारा वर्षं होत्या. (ख्रिस्ती बोलीत मंडळी म्हणजे चर्चचा समाज.) मग कारभारी मंडळात दोन तट पडले. पाळकसाहेब कुणाच्याच बाजूनं बोलेनात, म्हणून दोन्हीकडचे नाराज. अशात कुणीतरी पुडी सोडली, की महिला मंडळाच्या पैशांत घोळ आहे. वही बाईंकडेच होती. त्या म्हणाल्या, बघा की, आताच बघा. पण वही कुणी मागितलीच नाही! वही मागितली असती तर खरं-खोटं झालं असतं. ते कुणालाच नको होतं. दोन महिन्यांत बदलीचं पत्र आलं.

"वहिनी, बदलीचं दुःख नाही," बाई मला म्हणाल्या होत्या. "बदल्या होतच असतात. पण टेम्पोत सामान भरत होतो ना, तेव्हा समोरच्या घरातलीनं खिडकीचा पडदा ओढून घेतला. तिची तिन्ही बाळंतपणं मी काढलीत हो. तिसऱ्या वेळेला रात्रभर तिच्या उशाशी बसले होते. तिनं पडदा ओढला."

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. मला तेच जास्त लागलं.

नव्या गावी गेल्यावर बाई चर्चमध्ये जायच्या, पण गायच्या नाहीत. ज्यांचा आवाज आधी वेशीपर्यंत जायचा, त्यांचे ओठ नुसते हलायचे. जेवण कमी झालं. पहाटे तीनला जाग यायची. कुणी घरी आलं की छातीत धडधडायचं. आणि मनात एकच विचार, की माणसांनी नाकारलं म्हणजे देवानंही नाकारलंच असणार. मंडळीतल्या शहाण्या माणसांनी काय सांगितलं असेल? "बाई, तुम्ही तर दुसऱ्यांना शिकवता. क्षमा करा, विसरून जा, प्रार्थना करा." म्हणजे मार खाल्ला तो खाल्ला, वर न विसरल्याचा अपराधही त्यांच्याच माथी!

आपल्यांचा मार

परक्यानं नाकारलं तर राग येतो, आपल्यानं नाकारलं तर लाज वाटते. हा फरक मोठा आहे. राग बाहेर पडतो, लाज आत मुरते. माणूस मग स्वतःलाच तपासत बसतं, माझ्यातच काही कमी असेल का?

आम्हा शिंगणापूरच्या बायकांना हे कळायला फार लांब जावं लागत नाही. ज्या देवाच्या भरवशावर घराला दार लावायचं नाही, त्याच देवाच्या चौथऱ्यावर बायकांनी चढायचं नाही, अशी रीत होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक बाई चौथऱ्यावर चढली, तर नंतर तिथे शुद्धीकरण झालं. पुढे आंदोलन झालं, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थाननं चौथरा बायकांना खुला केला. कुणाला ते पटलं, कुणाला नाही. पण 'तू इथवरच' हे वाक्य देवाच्या दारात ऐकायला कसं लागतं, ते आम्हाला ठाऊक आहे. धर्म कुठलाही असो, देवाच्या नावानं मिळालेला नकार साध्या नकारापेक्षा खोल जातो. कारण त्यावर दाद मागायला दुसरं दार नाही, असं वाटतं.

ख्रिस्ती मैत्रिणी सांगतात, की खुद्द येशूलाही त्याच्या नासरेथ गावानं स्वीकारलं नव्हतं. आणि बाईंना ज्या गोष्टीनं पहिल्यांदा धीर आला, ती जुन्या करारातली एलीया संदेष्ट्याची. मोठं काम करून दमलेला, जिवावर उठलेल्या राणीच्या भीतीनं रानात पळालेला एलीया एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. तेव्हा देव त्याला काय देतो? उपदेश नाही. देवदूत येतो, त्याला भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून जेवायला घालतो. बोलणं नंतर, खूप नंतर. घायाळ माणसाला आधी अन्न आणि झोप द्यायची असते, हे इतक्या जुन्या ग्रंथात लिहिलेलं आहे. आपण मात्र थेट 'विसरून जा'वर येतो!

नेवाशाच्या ज्ञानोबांची ताटी

आमचा तालुका नेवासा. इथेच पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली. सगळ्या जगासाठी देवाकडे मागणं मागणारा हा माणूस लहानपणी 'संन्याशाचं पोर' म्हणून वाळीत टाकलेला होता. भावंडांना मुंजीचा अधिकार नाही, गावात मान नाही.

परंपरा सांगते, की एकदा लोकांचं बोलणं ज्ञानदेवांना इतकं लागलं, की ते झोपडीची ताटी, म्हणजे दार, लावून आत बसले. बाहेर उभी राहिली ती धाकटी बहीण मुक्ताबाई. तिनं त्यांना आळवलं ते 'ताटीचे अभंग' म्हणून प्रसिद्ध आहेत. जग तापलं तरी संतानं निवावं, लोकांचे शब्द सोसावेत, असंच ती सांगते. म्हणजे नीट पाहिलं तर तिचा सल्लाही क्षमेचाच आहे. मग बाईंना मिळालेल्या सल्ल्यात आणि मुक्ताईच्या सल्ल्यात फरक काय?

फरक सांगणारीचा आहे. मुक्ताई स्वतः त्याच अपमानात वाढलेली. ज्या शब्दांनी भाऊ घायाळ झाला, तेच शब्द तिनंही ऐकलेले. ती ताटीबाहेर उभी राहते, निरोप धाडत नाही, 'आता पुरे' म्हणून निघून जात नाही. एका अभंगानं ताटी उघडली नाही म्हणून दुसरा म्हणते, तिसरा म्हणते. मला वाटतं, या सगळ्या विषयाचं सार इथे आहे. 'क्षमा कर' हे कोण सांगतं यावर सगळं अवलंबून असतं. सोबत सोसलेलं माणूस सांगतं तेव्हा ते औषध असतं. ज्यांनी मारलं किंवा मारताना बघत उभे राहिले, त्यांनी सांगितलं की तेच मीठ होतं.

लक्ष्मीबाईंनी काय केलं?

आता आपल्याच जिल्ह्यात राहून गेलेल्या एका बाईकडे येऊ. 'स्मृतिचित्रे'कार लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवायचं! अशा घरातली ही मुलगी कवी नारायण वामन टिळकांची बायको झाली. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना न सांगता, न विचारता. पदरात चारेक वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत, पण घरात नाही. नातलग सांभाळतात, पण कुजबुजतात. त्या काळात अशा बाईला ना सवाष्णीचा मान, ना विधवेची सहानुभूती.

लक्ष्मीबाईंनी काही वर्षं पंढरपुरात काढली. दुःख त्यांनी गिळून टाकलं नाही. शाळा अशी कधी पाहिलेली नव्हती, तरी त्या पदं जुळवू लागल्या. चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरला आल्या. पण आल्या आल्या सगळं कबूल करून टाकलं नाही! चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं आपलं आपल्यापाशी. नवऱ्याजवळ आल्या, पण आपल्या पावलानं. आधी मनातली जातपात गळाली, मग श्रद्धा आली, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. मला यातली ही सावकाशी फार मोलाची वाटते. दुरावलेलं नातं एका मिठीत जुळतं, ते सिनेमात. खऱ्या आयुष्यात आधी एका छपराखाली दोन चुली मांडाव्या लागतात.

राहुरीलाही या दांपत्यानं संसार केला. प्लेग आला, अनाथ पोरं आली, लक्ष्मीबाईंनी ती पदराखाली घेतली. आणि टिळकांचं काय? हिंदू गोतानं त्यांना तोडलं होतंच, पण मिशनमध्येही सगळं सुखाचं नव्हतं. ख्रिस्ती धर्म साहेबी कपड्यात नको, भजन-कीर्तनातून, आपल्या मातीतून यावा, असं ते मांडत राहिले. अखेर १९१७ मध्ये मिशनच्या चौकटीतून बाहेर पडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. कुणाचा पगार नाही, कुणी साहेब नाही. ९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले. आपल्याच कामाच्या घरात उपऱ्यासारखं वाटणं, हे दुखणं शंभर वर्षांपूर्वीही होतं बघा.

लक्ष्मीबाई मागे राहिल्या. टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेलं. मुलाच्या आग्रहानं आठवणी लिहायला घेतल्या, त्या 'संजीवनी'त क्रमानं आल्या, १९३४ पासून पुस्तकरूपानं निघाल्या. १९३६ मध्ये त्या गेल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना हसू आवरत नाही आणि मधेच डोळे भरतात. नवऱ्याचा संताप, सासऱ्यांचा जाच, एकटेपण, सगळं त्यांनी सांगितलंय. काही झाकलं नाही, पण कुणाला सुळावरही चढवलं नाही. दुःख बरं झाल्याची खूण विचाराल, तर मी हीच सांगेन. ते विसरलं जातं असं नाही. ते सांगता येतं, आणि सांगताना हात थरथरत नाही.

दोन्ही घरांनी दुखावलेल्या रमाबाई

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आणखी कडू. आई-वडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, तर इकडे मराठी समाज संतापला. तिकडे ज्यांच्या आश्रयाला होत्या त्या इंग्रज भगिनींना ही बाई फार प्रश्न विचारते, नम्रपणे मान तुकवत नाही, असं वाटू लागलं. १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढलं. मुलींना ख्रिस्ती करतात या आरोपावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही घरचे दरवाजे अर्धे मिटले.

रमाबाई मग केडगावला गेल्या. (आपल्या नगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं केडगाव.) १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली, विधवा आणल्या. शेती, विणकाम, छापखाना, अंध बायकांसाठी बार्तमी सदन, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन. ज्यांना कुठेच जागा नाही त्यांच्यासाठी जागा. 'मुक्ती' आजही आहे. आपली जखम त्यांनी दुसरीसाठी दार केली, असं म्हणायचा मोह होतो. पण सावध राहूया. प्रत्येक घायाळ बाईनं रमाबाई व्हावं, हे ओझं आपण घालायचं नाही. काहींनी नुसतं पोटभर जेवून शांत झोपलं, तरी तो विजयच आहे.

बाईंचं पुढं काय झालं

बाईंची मुक्ताई झाली ती एक निवृत्त परिचारिका. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं काढलेली. तिलाही कधीकाळी असंच खोट्या आळाखाली बाजूला सारलं होतं. ती दर गुरुवारी यायची. डब्यात ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा. जेवायला घालायची, बाजूला बसायची. पहिले तीन महिने धर्माचा एक शब्द काढला नाही. मग एक दिवस म्हणाली, "झालं ते सगळं लिहून काढ. तारीखवार." बाईंनी लिहिलं. चाळीस पानं भरली. परिचारिकाबाईंनी ते मोठ्यानं वाचायला लावलं आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "हा तुझा दोष नव्हता."

बाई सांगतात, त्या दिवशी त्या पहिल्यांदा रडल्या.

पुढे त्या सरकारी दवाखान्यात समुपदेशकाकडे गेल्या, काही महिने झोपेची औषधंही घेतली. यात श्रद्धा कमी पडली असं काही नाही, हेही त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, ते त्याच परिचारिकेनं सांगितलं. दोन-तीन वर्षांनी पडदा ओढणारी ती बाई भेटायला आली. म्हणाली, "घरच्यांनी सांगितलं होतं, बोलायचं नाही." बाईंनी तिला चहा दिला. क्षमा केली का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "राग गेला. पण वहिनी, माझ्या घराची किल्ली तिला परत द्यायची का, ते अजून ठरलं नाही." मला हे उत्तर फार खरं वाटलं. क्षमा ही आपल्या मनाची गोष्ट, विश्वास ही दोघांची. पहिली एकटीनं देता येते, दुसरा समोरच्यानं मिळवावा लागतो.

बाई आता पुन्हा गातात. पूर्वीसारखा वेशीपर्यंत जाणारा आवाज नाही. पण गातात.

जखम आणि गुन्हा

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. मन दुखावणं वेगळं आणि अत्याचार वेगळा. मंडळीत, आश्रमात, वसतिगृहात, देवस्थानात कुणी अंगचटीला येत असेल, धमकावत असेल, तर तिथे 'क्षमा कर, देवाच्या कामाची बदनामी नको' हा सल्ला देणाराही दोषी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. बालकांच्या बाबतीत २०१२ चा 'पोक्सो' कायदा आहे, आणि तिथे गुन्हा कळूनही गप्प बसणं हाच गुन्हा ठरतो. बदनामी गुन्ह्यानं होते, तक्रारीनं नाही.

आणि मन खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. घरात बोलायला कुणी नसलं तरी फोनच्या पलीकडे कुणीतरी आहे.

आपल्या हातात काय?

हे वाचणाऱ्या ख्रिस्ती मैत्रिणींना, आणि मंदिरात, दिंडीत, मठात, महिला मंडळात राबणाऱ्या सगळ्यांनाच, काही साध्या गोष्टी सुचवते. पैशांचा संशय आला तर कुजबुजू नका, वही मागा. हिशेब दर सहा महिन्यांनी सगळ्यांसमोर वाचा, म्हणजे पुडी सोडायला जागाच राहणार नाही. पाळकांच्या, महाराजांच्या, सेविकांच्या घराला आठवड्यातून एक दिवस तरी मोकळा द्या. बदली झाली, जबाबदारी सुटली, तर निरोपाचा एक समारंभ कराच, मतभेद असले तरीही. बारा वर्षांच्या कामाला एक नारळ आणि दोन शब्द तर देता येतात! आणि कुणी अचानक गप्प झाली, गायची थांबली, तर उपदेश बाजूला ठेवा. डबा घेऊन जा.

ज्या आज ताटी लावून बसल्या आहेत, त्यांनाही एक सांगते. दार लावलंत म्हणून तुम्ही अपराधी नाही. काही काळ दार लावून बसावंच लागतं, ज्ञानदेवांनाही लागलं. फक्त कडी आतून आहे हे विसरू नका, आणि ती एकटीनंच उघडायची आहे असंही समजू नका. एखादी मुक्ताई शोधा. सापडत नसेल तर माग काढा. असेच घाव खाऊन पुन्हा उभ्या राहिलेल्या बायका प्रत्येक गावात असतात, फक्त त्या बोलत नाहीत.

आणि ज्या बऱ्या झाल्या आहेत, त्यांना काय सांगू? तुमच्या शेजारच्या घरात कुणाचा तरी पडदा ओढलेला असेल. एक अभंग म्हणून ताटी उघडली नाही, तर दुसरा म्हणा.